आधी जीव, मग जाब

दरवर्षी जानेवारी महिना आला की रस्ता सुरक्षेच्या मोहिमेचे फलक चौकाचौकांत लागतात. वेग आवरा, पट्टा बांधा, हेल्मेट घाला, मद्य पिऊन वाहन चालवू नका, असा उपदेश त्यांवर ठळक अक्षरांत केलेला असतो. हा उपदेश योग्यच आहे आणि तो कितीही वेळा केला तरी अधिक होणार नाही. परंतु तो सारा अपघात टाळण्यापुरता असतो. अपघात घडून गेल्यावर तेथे उभ्या असलेल्या माणसांनी काय करावयाचे, याविषयी हे फलक मौन पाळतात. या मौनाची किंमत फार मोठी आहे, आणि ती जखमी माणूस आपल्या प्राणांनी भरतो.

केंद्र सरकारच्या नोंदींप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. म्हणजे दररोज सरासरी साडेचारशेहून अधिक घरांत सुतक आले. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ जण मृत्युमुखी पडले. या आकड्यांहून अधिक विचार करावयास लावणारा आकडा आणखी एक आहे. त्याच वर्षी धडक देऊन वाहनासह पळून जाण्याच्या प्रकारांत ३०,४८६ जण मेले. देशातील रस्त्यांवर मरणाऱ्या दर पाच-सहा माणसांतील एकाला धडक देणारा तेथे थांबलासुद्धा नाही, असा त्याचा अर्थ होतो. अपघात कधी चुकीने होतो, कधी योगायोगानेही होतो. पळून जाणे मात्र योगायोगाने होत नाही. तो निर्णय असतो, आणि माणसे असा निर्णय का घेतात याचा विचार केल्यावाचून हा प्रश्न सुटणार नाही.

आपल्याकडे अपघात झाला की पाचच मिनिटांत पन्नास माणसे जमतात. त्यांच्या तोंडी पहिला प्रश्न असतो, ‘चूक कोणाची?’ वाहनचालकाची कॉलर पकडली जाते, कोणी मोबाइल काढून चित्रण करू लागतो, कोणी आपण प्रत्यक्ष पाहिल्याचे तावातावाने सांगतो. या सगळ्या गदारोळात जो रस्त्यावर पडलेला असतो त्याच्या जखमेवर फडके दाबून धरण्यास दोन हातही लवकर पुढे येत नाहीत. चूक कोणाची हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण तो दुसऱ्या दिवशीही विचारता येतो आणि सहा महिन्यांनीही. जखमी जिवंत आहे काय, हा प्रश्न अर्ध्या तासानंतर विचारण्यात अर्थ उरेलच असे नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की या दोन प्रश्नांचा क्रम आपण उलटा लावला आहे. तो सुलटा केला पाहिजे. आधी जीव, मग जाब.

कायद्याने हा क्रम केव्हाच ठरवून दिलेला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम प्रत्येक वाहनधारकाने एकदा तरी वाचावे असे आहे. अपघातात कोणी जखमी झाला तर त्याला वैद्यकीय मदत मिळवून देणे, जवळच्या डॉक्टरकडे अथवा रुग्णालयात पोचविणे, हे चालकाचे पहिले कर्तव्य म्हणून त्यात सांगितले आहे. पोलिसांना खबर देणे त्यानंतर येते, आणि विमा कंपनीला कळविणे त्याच्याही नंतर. हे कर्तव्य चुकविणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. धडकेत चालकाचा काडीचाही दोष नसला तरी त्यातून त्याची सुटका होत नाही. त्याच कलमाने डॉक्टरवरही बंधन घातले आहे. कागदोपत्री सोपस्कार पुरे होण्याची वाट न पाहता त्याने तत्काळ उपचार सुरू केलेच पाहिजेत.

या कलमात एक वाक्यांश आहे, तो आपल्या समाजाला भूषणावह नाही. जमावाचा क्षोभ किंवा आवाक्याबाहेरचे अन्य कारण असल्यास मदत न करण्याबद्दल चालकाला सूट मिळते. रस्त्यावरचा जमाव माणसाला ठेचून मारू शकतो, ही गोष्ट आपल्या संसदेने कायद्याच्या भाषेतच मान्य केली आहे! मात्र ही सूट म्हणजे पळून जाण्याचा परवाना असल्याचा पुष्कळांचा समज निव्वळ चुकीचा आहे. जिवाच्या भीतीने जागा सोडावी लागली तर चालकाने होईल तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन अपघाताची हकीकत सांगितली पाहिजे. मदत का करता आली नाही याचे कारणही तेथेच दिले पाहिजे. कायदा चालकाला मार खाण्यास थांब म्हणत नाही. समोर येऊन सांग, एवढेच म्हणतो.

येथे एक दुष्ट चक्र आहे. चालक पळतो, कारण जमाव मारील ही त्याला भीती असते. जमाव मारतो, कारण हा पळून जाईल आणि मग त्याचे काहीच वाकडे होणार नाही, अशी त्याची खात्री असते. दोघांच्याही भीतीला अनुभवाचा आधार आहे, म्हणूनच हे चक्र इतके चिवट झाले आहे. १ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. पोलिसांना खबर न देता पळणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैद देण्याची तरतूदही त्या संहितेत होती. तिच्याविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये मालमोटारींच्या चालकांनी संप केला. महाराष्ट्रातही पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि संहिता अमलात आली त्या दिवशी ते उपकलम बाजूस ठेवण्यात आले. थांबलो तर जमाव मारील आणि पळालो तर सरकार दहा वर्षे डांबील, हे चालकांचे गाऱ्हाणे सर्वस्वी खोटे नव्हते. तथापि खबर देण्याचे कर्तव्य जुन्या कायद्यातही होते आणि ते आजही आहे, हे त्या गदारोळात कोणी ठासून सांगितले नाही. केवळ शिक्षा वाढवून हे चक्र तुटेल असे आम्हांस वाटत नाही. ज्या चौकात माणसाला न मारता पोलिसांच्या हवाली केले जाते, त्या चौकात थांबण्याचे धैर्य चालकास होईल. चालकावर हात उगारणारा जमाव पुढच्या दहा चालकांना पळून जाण्याचा धडा देत असतो. त्यांतला एखादा उद्या आपल्याच मुलाला रस्त्यात टाकून जाईल, हे त्या जमावातील कोणाच्याही ध्यानात येत नाही.

आता बघ्यांविषयी. आपल्या सुशिक्षित वर्गाचा बहुधा या गटातच समावेश होतो. मारहाण तो करीत नाही, पण मदतही करीत नाही. मोटारीची काच खाली करून क्षणभर हळहळतो आणि पुढे जातो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण त्याला लहानपणापासून पाठ असते. जखमीला रुग्णालयात नेले तर पोलीस आपल्यालाच धरतील, जबाब देता देता जोडे झिजतील, रुग्णालय आपल्याकडेच पैसे मागेल, ही त्याची भीती एके काळी निराधार नव्हती. एका वेगवान मोटारीने उडविलेल्या स्कूटरस्वाराला एका भल्या माणसाने उचलून जवळच्या रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी ‘ही पोलीस केस आहे’ या सबबीवर त्याला सुमारे वीस किलोमीटर दूरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्यावयास सांगितले आणि तो वाटेतच मेला. वृत्तपत्रात आलेल्या या हकीकतीवरून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयाने निक्षून सांगितले की जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून कोणताही सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाही.

पण मदत करणाऱ्याला अभय मिळण्यास आणखी पाव शतकाहून अधिक काळ जावा लागला. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक रूप दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे नवे कलम आले आणि २०२० साली त्याचे नियमही झाले. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी अथवा फौजदारी जबाबदारी येत नाही. आपले नाव-गाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. रुग्णालय त्याला अडकवून ठेवू शकत नाही, त्याच्याकडे पैसेही मागू शकत नाही. तो आपणहून साक्षीदार होण्यास तयार झाला तर पोलिसांनी त्याच्या सोयीच्या वेळी व ठिकाणी जबाब घ्यावयाचा आहे. एवढेच नव्हे, तर हे सर्व हक्क प्रत्येक रुग्णालयाने प्रवेशद्वाराशी इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत लावले पाहिजेत, असाही नियम आहे. आमच्या वाचकांनी आपल्या नेहमीच्या रुग्णालयात जातील तेव्हा ही पाटी शोधावी, आणि नसेल तर ती का नाही, असे व्यवस्थापनास विचारावे. जो हक्क भिंतीवर दिसत नाही तो अडचणीच्या वेळी आठवतही नाही.

परिस्थितीला शरण न जाणारी माणसे या देशात आहेत, हे आपण पाहिले आहे. ३० डिसेंबर २०२२ रोजी पहाटे उत्तराखंडात रुडकीजवळ क्रिकेटपटू ऋषभ पंत यांची मोटार दुभाजकावर आदळली आणि पेटली. समोरून येणाऱ्या हरियाणा राज्य परिवहनच्या बसचा चालक व वाहक गाडी थांबवून धावले. त्यांनी जखमीला आगीपासून दूर नेले आणि रुग्णवाहिका बोलाविली. रस्त्यावर पडलेला माणूस कोण आहे हे त्यांना आधी ठाऊक नव्हते, आणि चूक कोणाची हे तर त्यांनी विचारलेही नाही. या प्रसंगाचे महत्त्व जखमी प्रसिद्ध होता यात नाही. दोन सामान्य नोकरदारांनी भरलेली बस थांबविली, यात ते आहे.

थांबल्यावर नेमके काय करावे, हेही माहीत असावे लागते. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही. वाहन बाजूस घेऊन इंजिन बंद करावे, इशाऱ्याचे दिवे लावावेत आणि मागून येणाऱ्यांस दुरूनच दिसेल अशा अंतरावर परावर्तक त्रिकोण किंवा हाती असेल ते चिन्ह ठेवावे. द्रुतगती मार्गावर पहिल्या धडकेपेक्षा मागून येणारी दुसरी धडक अधिक घातक ठरू शकते. म्हणून धडधाकट माणसांनी रस्त्यावर घोळका न करता कठड्यापलीकडे जावे. मदतीसाठी ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक फिरवावा. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हाही क्रमांक आहे. सांगताना जवळचा किलोमीटरचा दगड, पूल किंवा पथकर नाका आणि आपण कोणत्या दिशेला चाललो होतो हे सांगावे. नुसते ‘समृद्धीवर’ असे सांगितले तर सातशे किलोमीटरचा मार्ग रुग्णवाहिकेने कोठे शोधावयाचा?

वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. आगीचा अथवा दुसऱ्या वाहनाचा धोका नसेल तर जखमीला ओढून-ताणून हलवू नये, कारण मान व पाठीचा कणा दुखावला असल्यास आपली घाईच त्याला जन्माचा पांगळा करील. हलविणे भागच पडले तर डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी मिळून उचलावे. श्वास अडत नसेल तर हेल्मेट उपटून काढू नये. तोंडात पाणी ओतण्याची आपल्याकडची सवय तर सोडूनच द्यावी. भूतदयेपोटी दिलेले ते पाणी बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत जाऊ शकते.

पुढचा अडथळा पैशाचा. गंभीर दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला कायद्यातच ‘गोल्डन अवर’ म्हटले आहे. या तासातील उपचार विनामूल्य व्हावेत यासाठी योजना करण्याचे बंधन २०१९ च्या दुरुस्तीनेच केंद्रावर घातले होते. योजना मात्र निघेना. अखेर जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिली आणि मे २०२५ मध्ये ती जाहीर झाली. तीनुसार अपघातग्रस्ताला नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार मिळावयाचे आहेत. इतर रुग्णालयांनीही प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार करावयाचे आहेत. उत्तम! पण आपल्या शहरातील नेमलेली रुग्णालये कोणती, हे पोलीस शिपायास, रिक्षाचालकास आणि पथकर नाक्यावरच्या कर्मचाऱ्यास तोंडपाठ नसेल, तर योजना राजपत्रात राहील आणि जखमी रस्त्यावर.

आता ‘जाबा’चा विचार. जीव आधी याचा अर्थ जाब नकोच, असा नव्हे. जखमीची सोय लागल्यावर वाहनांचे क्रमांक, त्यांची जागा, रस्त्यावरील टायरच्या खुणा व आजूबाजूची स्थिती यांची छायाचित्रे घ्यावीत. साक्षीदार आपणहून देतील ती नावे टिपून ठेवावीत आणि पोलिसांना खबर द्यावी. रस्त्यातच दोन-पाच हजार रुपये हातावर ठेवून प्रकरण ‘आपसांत मिटविण्या’ची चाल आपल्या मध्यमवर्गात फार आहे. नुसता पत्रा चेपला असेल तर ती क्षम्य मानता येईल. परंतु कोणाला लागले असेल तर ती आत्मघातकी आहे. डोक्याला लागलेला मार त्या क्षणी दिसतोच असे नाही. दोन दिवसांनी तो दिसू लागला की पैसे देणारा सापडत नाही, पोलिसांत नोंद नसते आणि विमा कंपनी दारही उघडत नाही.

नोंद झाली तर मात्र कायदा पुष्कळ देतो. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे धाडावयाचा आहे आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. नुकसानभरपाईचा अर्ज अपघाताच्या गावीच केला पाहिजे असे नाही. अर्जदार राहत असेल तेथील न्यायाधिकरणाकडेही तो करता येतो. अर्जासाठी २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली असून तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. त्या वादावर विसंबून शहाण्या माणसाने मुदत टळू देऊ नये. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तरी मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. ही रक्कम अपुरी आहे. पण तीही मिळते, हे किती शोकाकुल घरांना ठाऊक असते?

आणि हा जाब धनिकासही द्यावा लागला पाहिजे. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरात एका भरधाव परदेशी मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालविणाऱ्या अल्पवयीन मुलास तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह त्याच दिवशी जामीन मिळाला, म्हणून देशभर संताप उसळला. आमच्या मते त्याहून गंभीर बाब होती ती रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाची. त्या आरोपाखाली डॉक्टरांनाही अटक झाली. खरे-खोटे ठरविण्याचे काम न्यायालयाचे आहे. पण पहिल्या काही तासांचे मोल काय असते, हे त्या घटनेने दाखवून दिले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत वरळीला दुचाकीवरील एक महिला मोटारीखाली सापडून मेली आणि पळालेल्या चालकास अटक होईपर्यंत दोन दिवस लोटले. इतका काळ गेल्यावर चालकाने मद्य घेतले होते की नाही, हे रक्त तपासून कोणालाही सांगता येत नाही. गरीब चालक जमावाच्या भीतीने पळतो, तर धनवान चालक पुष्कळदा पुरावा विरून जावा म्हणून पळतो. कायद्याने आणि पोलिसांनी या दोघांतला फरक ओळखला पाहिजे. पहिल्याला संरक्षण द्यावे. दुसऱ्याला त्या तासांतच गाठावे.

यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी नव्या कायद्याची गरज नाही. शाळांतून नागरिकशास्त्र शिकविताना राज्यपालांचे अधिकार जसे पाठ करून घेतले जातात, तसे रक्तस्राव थांबविण्याचे शिक्षणही मुलांच्या हातांना द्यावे. वाहनपरवान्याच्या परीक्षेत चिन्हे ओळखण्याबरोबर अपघातानंतरची कर्तव्ये विचारावीत, आणि ज्याला ती सांगता येत नाहीत त्याला परवाना देऊ नये. मदत करून जखमीचा जीव वाचविणाऱ्यास ‘राहवीर’ म्हणून पंचवीस हजार रुपये देण्याची योजना आहे. ती जरूर चालवावी. पण रुग्णालयात ज्याला सन्मानाने ‘आपण आता जाऊ शकता’ असे सांगितले जाते, तो माणूस बक्षिसावाचूनही पुन्हा मदतीस धावेल.

मोटार चालविणारा, रस्त्यावर पडणारा आणि जवळून जाणारा असे तीन वेगळे वर्ग आपण मनात कल्पितो. वस्तुतः ती एकाच नागरिकाची तीन रूपे आहेत, आणि कोणत्या दिवशी कोणते रूप आपल्या वाट्यास येईल हे कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून आमच्या वाचकांस आमचे सांगणे असे की पुढच्या वेळी रस्त्यात गर्दी दिसली तर तिच्यात शिरावे, जखमीपर्यंत जावे, १०८ हा क्रमांक फिरवावा आणि कोणी चालकावर हात उगारीत असेल तर तो हात धरावा. चूक कोणाची हे ठरविण्यास न्यायालये आहेत. जखमीचा श्वास चालू ठेवण्यास त्या क्षणी आपल्यावाचून दुसरे कोणीही नसते.